आवक-जावक वहीच्या भरवशावर: मोठ्या फाइल सर्व्हरचा जर्नल-आधारित इन्क्रिमेंटल बॅकअप

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील ज्या अभियांत्रिकी सल्लागार कार्यालयाचे सर्व्हर मी सांभाळतो, तेथील विंडोज फाइल सर्व्हरच्या ‘डी’ ड्राइव्हवर सुमारे ८० लाख फाइली आहेत. एकूण आकार १२ टेराबाइट. पण बॅकअपला जेरीस आणते ती फाइलींची संख्या. नकाशे, त्यांच्या सुधारित प्रती, जागेवर काढलेली छायाचित्रे, मोजमाप-पुस्तिका आणि पत्रव्यवहार वर्षानुवर्षे साचत गेला आहे, आणि त्यातल्या रोज बदलणाऱ्या फाइली मात्र साधारण नऊ हजार, म्हणजे जवळपास नऊशे फाइलींमागे एक. ती एक शोधण्यासाठी नेहमीचा इन्क्रिमेंटल बॅकअप (फक्त बदललेल्या फाइलींचीच प्रत घेणारा) उरलेल्या सगळ्या फाइलींची तारीख, आकार आणि गुणधर्म पाहत बसतो. सेकंदाला ४०० फाइली तपासून होतात असे धरले, तरी ८० लाखांसाठी २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास लागतात. त्यानंतर प्रत्यक्ष प्रत घेण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते. रात्री अकराला सुरू झालेला बॅकअप सकाळी लोक कामाला बसेपर्यंत संपेलच याची खात्री उरत नाही, आणि एखाद्या रात्री तो उशिरा सुरू झाला तर सकाळी नकाशा उघडायला वेळ लागतो म्हणून फोन येऊ लागतात.

ही पायपीट वाचवण्याचा उपाय म्हणजे जर्नल. कोणत्याही जुन्या सरकारी कार्यालयात आज काय आले-गेले हे शोधण्यासाठी कपाटे उघडत नाहीत. आवक-जावक नोंदवही पाहतात. जर्नल ही सर्व्हरची तशीच नोंदवही आहे. फाइल तयार झाली, बदलली, तिचे नाव पालटले किंवा ती पुसली गेली की त्याच क्षणी एक नोंद होते, आणि रात्री बॅकअपचा प्रोग्राम फक्त त्या नोंदी वाचून तेवढ्याच फाइली उचलतो. मात्र वहीत तेवढेच असते जेवढे कारकुनाने पाहिले. तो जागेवर नव्हता त्या वेळेत काय घडले, हे वहीला ठाऊक नसते, आणि या लेखातील बहुतेक पायऱ्या त्या रिकाम्या वेळेचा बंदोबस्त करण्यासाठी आहेत.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा, सेटिंगांची आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टंकावी लागतात.

कोणते जर्नल?

‘जर्नल’ या शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे चुकते. पहिली म्हणजे एनटीएफएस या फाइल प्रणालीचा व्यवहार-लॉग. अचानक वीज गेली तर फाइल प्रणालीची रचना बिघडू नये, एवढ्यासाठीच तो असतो. बॅकअपशी त्याचा संबंध नाही. दुसरी म्हणजे एनटीएफएसचेच ‘यूएसएन चेंज जर्नल’ (यूएसएन म्हणजे अपडेट सिक्वेन्स नंबर, नोंदीचा क्रमांक), जे विंडोज २००० पासून उपलब्ध आहे. त्यात प्रत्येक बदलासाठी फाइलचा क्रमांक, तिच्या फोल्डरचा क्रमांक, फाइलचे नाव, वेळ आणि बदलाचे कारण नोंदलेले असते. संपूर्ण पथ नसतो आणि बदललेला मजकूरही नसतो. काही बॅकअप प्रोग्राम याच जर्नलवर चालतात.

तिसरी म्हणजे बॅकअप प्रोग्रामने स्वतः ठेवलेली वही. आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्टमध्ये ही सोय आहे. याच प्रोग्रामला पूर्वी टिव्होली स्टोरेज मॅनेजर आणि मधल्या काळात स्पेक्ट्रम प्रोटेक्ट म्हणत. आमच्या क्षेत्रातील जुनी माणसे अजून ‘टीएसएम’च म्हणतात. त्याची जर्नल सेवा (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्राम) विंडोजला ‘या ड्राइव्हवर काही बदलले की मला कळव’ असे सांगून ठेवते आणि आलेल्या सूचना स्वतःच्या छोट्या डेटाबेसमध्ये उतरवते. ती एनटीएफएसचे यूएसएन जर्नल वापरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण यूएसएन जर्नल फाइल प्रणालीचाच भाग असल्यामुळे बॅकअपची सेवा बंद असतानाही नोंदी करत राहते, तर टीएसएमची सेवा बंद असेल तर त्या वेळेतली नोंद कुठेच होत नाही. पुढील बरेचसे विवेचन टीएसएमच्या पद्धतीचे आहे. यूएसएन जर्नलवर चालणारा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी स्वतंत्र भाग नंतर येतो.

आधी मोजा, मग ठरवा

जर्नल बसवण्यापूर्वी किमान दोन आठवड्यांच्या बॅकअपचे अहवाल पुढ्यात घ्यावेत. टीएसएमच्या प्रत्येक बॅकअपच्या शेवटी किती वस्तू तपासल्या, किती घेतल्या, किती कालबाह्य ठरवल्या, किती अयशस्वी झाल्या, किती बाइट पाठवले आणि एकूण वेळ किती लागला, हे आकडे येतात. तपासलेल्या आणि घेतलेल्या वस्तूंचे गुणोत्तर हा निर्णयाचा मुख्य आधार आहे. ते शंभरास एकच्या पलीकडे असेल आणि वेळेचा मोठा भाग तपासण्यातच जात असेल, तर जर्नलचा फायदा ठळक दिसतो. गुणोत्तर दहास एकच्या आसपास असेल, तर दररोज फार मोठी उलथापालथ होत आहे असे समजावे. अशा ठिकाणी जर्नल स्वतःच फुगते, त्याला मेमरी आणि डिस्क अधिक लागते, आणि वाचवलेला वेळ तेथेच खर्ची पडतो. तपासणी तासाभरात आटोपत असेल तर माझा सल्ला असा की या वाटेला जाऊच नये. एक सेवा कमी म्हणजे रात्री-बेरात्री बिघडणारी एक गोष्ट कमी.

मेमरीचा हिशेबही याच वेळी करावा. पूर्ण इन्क्रिमेंटल बॅकअपमध्ये, म्हणजे जर्नलविना सगळ्या फाइली तपासणाऱ्या बॅकअपमध्ये, क्लायंट (फाइल सर्व्हरवर चालणारा बॅकअपचा प्रोग्राम) प्रती साठवणाऱ्या बॅकअप सर्व्हरकडून आधीच्या प्रतींची यादी मागवून मेमरीत ठेवतो. दर नोंदीला ३०० बाइट धरले, तर ८० लाख फाइलींसाठी सुमारे २.४ गिगाबाइट लागतात. जर्नलच्या रात्री हा भार पडत नाही; परंतु जर्नल कधीतरी अवैध होणारच आहे आणि त्या रात्री तो पुन्हा पडणार आहे, त्यामुळे सर्व्हरची मेमरी जर्नलच्या भरवशावर कमी करू नये.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. ज्या ड्राइव्हचे जर्नल ठेवायचे तो त्याच यंत्राचा स्थानिक ड्राइव्ह असला पाहिजे. नेटवर्कवरून जोडलेले शेअर आणि काढता येणारे ड्राइव्ह यांवर टीएसएमची ही सेवा चालत नाही. त्यामुळे माहिती एखाद्या स्वतंत्र नॅस पेटीवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावर) असेल, तर त्या पेटीच्या स्वतःच्या स्नॅपशॉटकडे (त्या क्षणाची स्थिती जपणाऱ्या प्रतींकडे) वळावे लागेल. आणि फाइल सर्व्हर आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) असेल, तर डिस्कचे बदललेले ब्लॉक, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, टिपून घेतलेल्या संपूर्ण यंत्राच्या बॅकअपचा विचार आधी करावा. फाइली किती, याने त्याला फरक पडत नाही. आम्ही तरीही फाइलनिहाय बॅकअप ठेवला, कारण आमच्याकडे येणारी मागणी बहुतेक वेळा ‘तीन महिन्यांपूर्वीचा अमुक नकाशा, चौथ्या सुधारणेच्या आधीचा’ अशी असते.

पाया: पूर्ण झालेला एक इन्क्रिमेंटल

जर्नल कोठून तरी सुरू व्हावे लागते, आणि ते ‘कोठून’ म्हणजे व्यवस्थित पार पडलेला पूर्ण इन्क्रिमेंटल बॅकअप. जर्नल सेवा सुरू असताना त्या ड्राइव्हचा असा बॅकअप पूर्ण होईपर्यंत जर्नल वैध ठरत नाही. शिवाय ही वैधता एका नोडच्या (बॅकअप सर्व्हरवर नोंदलेल्या यंत्राच्या) नावाशी आणि एका बॅकअप सर्व्हरशी बांधलेली असते. त्याच ड्राइव्हचा बॅकअप दुसऱ्या नोडच्या नावाने किंवा दुसऱ्या सर्व्हरकडे घेतला, तर त्यासाठी हे जर्नल चालत नाही. दोन ठिकाणी दोन स्वतंत्र बॅकअप पाठवण्याचा बेत असेल तर तो येथेच बदलावा. दुसरी प्रत बॅकअप सर्व्हरकडून पुढे पाठवणे हा मार्ग सरळ आहे.

पूर्ण इन्क्रिमेंटलच्या आधी घर झाडून घ्यावे. वगळायच्या फोल्डरांची यादी क्लायंटच्या ‘डीएसएम.ऑप्ट’ या सेटिंगांच्या फाइलमध्ये नीट करावी, कारण एकदा जर्नल चालू झाले की वगळण्याच्या नियमांतील बदल सगळ्या जुन्या फाइलींना लगेच लागू होत नाहीत. ज्या फाइलींची नोंद वहीत होते, त्यांचाच विचार होतो. आमच्याकडे नकाशे काढण्याच्या प्रोग्रामच्या आपोआप जतन होणाऱ्या प्रती आणि ‘.टीएमपी’ फाइली मिळून रोजच्या बदलांचा चांगलाच मोठा वाटा उचलत होत्या. त्या आधीच बाजूला काढल्या नसत्या, तर वही केवळ कचऱ्याच्या नोंदींनी भरली असती.

सेवा बसवणे आणि तिची सेटिंगे

विंडोजवर दोन मार्ग आहेत. बॅकअप क्लायंटच्या खिडकीत ‘युटिलिटीज’ या मेनूतील सेटअप विझार्डमध्ये जर्नल इंजिन बसवण्याचा पर्याय असतो. किंवा प्रशासकाच्या अधिकाराने कमांड खिडकी उघडून ‘डीएसएमसीयूटिल इन्स्टॉल जर्नल’ ही आज्ञा देता येते. दोन्ही मार्गांनी ‘टीएसएम जर्नल सर्व्हिस’ या नावाची सेवा तयार होते. मात्र काम सेवा बसवल्याने संपत नाही, कारण ही सेवा काय पाहणार हे ‘टीएसएमजेबीबीडी.आयएनआय’ या फाइलमध्ये ठरते. क्लायंटच्या फोल्डरात तिचा नमुना मिळतो. मूळ नमुन्याची प्रत बाजूला ठेवून मगच त्यात बदल करावेत.

‘जर्नल्डफाइलसिस्टिम्स’ या ओळीत ज्या ड्राइव्हांवर नजर ठेवायची त्यांची नावे द्यावीत. मोह होतो तो सगळे ड्राइव्ह घालण्याचा. तसे करू नये. जेथे फाइली लाखांनी आहेत तेवढेच ड्राइव्ह द्यावेत. ‘सी’ ड्राइव्हवर विंडोज स्वतः दिवसभर काही ना काही लिहीत असते आणि तेथे पूर्ण तपासणीला फारसा वेळही लागत नाही.

‘जर्नलडीआयआर’मध्ये जर्नलचा डेटाबेस कोठे ठेवायचा ते सांगायचे असते. तो नजरेखालच्या ड्राइव्हवर ठेवू नये. तसे केले तर वहीत नोंद करणे हाच एक बदल होतो, त्याची सूचना पुन्हा सेवेकडे येते, आणि वरून वाचन-लेखनाचा भार त्याच डिस्कवर पडतो. आम्ही तो वेगळ्या एसएसडीवर ठेवला आहे, आणि विषाणू-प्रतिबंधक प्रोग्रामच्या तपासणीतून ते फोल्डर वगळले आहे. ‘जर्नलडीबीसाइझ’ने डेटाबेसच्या आकारावर मर्यादा घालता येते, मूळ शून्य ठेवले तर वेगळी मर्यादा नसते, म्हणून त्या ड्राइव्हवर मोकळी जागा पुरेशी आहे ना, यावर नजर ठेवावी लागते.

‘नोटिफायबफरसाइझ’ आणि ‘डीआयआरनोटिफायबफरसाइझ’ ही दोन सेटिंगे बहुतेक जण वाचून पुढे जातात आणि नंतर याच ठिकाणी परत येतात. विंडोज बदलांच्या सूचना एका बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) टाकते आणि सेवा तेथून त्या उचलते. सूचना उचलण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने आल्या तर बफर ओसंडतो, काही सूचना हरवतात, आणि काहीतरी हरवले आहे हे कळल्यामुळे सेवा ते जर्नल अवैध ठरवते. पहिले सेटिंग फाइलींच्या बदलांसाठी आहे आणि दुसरे फोल्डरांच्या. गर्दीच्या सर्व्हरवर मूळ आकारापासून सुरुवात करून, चुकांच्या लॉगमध्ये बफर ओसंडल्याची नोंद दिसली की तो दुप्पट करावा, अशा क्रमाने जावे. पहिल्याच दिवशी अवाढव्य आकडा देण्यात अर्थ नाही.

‘नोटिफायफिल्टर’ कोणत्या प्रकारचे बदल पाहायचे ते ठरवते. मूळ मूल्यात फाइलचे नाव, फोल्डरचे नाव, गुणधर्म, आकार, शेवटच्या लेखनाची वेळ आणि सुरक्षा-परवानग्या हे सगळे येते. परवानग्यांच्या बदलांच्या सूचना पुष्कळ येतात म्हणून त्या काढून टाकाव्यात असे काही जण सुचवतात. मी ते करत नाही, कारण परवानग्या बदललेली फाइल जुन्याच परवानग्यांसह परत आली तर पगारपत्रकाचे फोल्डर सर्वांना उघडे होऊ शकते.

वहीतून वगळण्याची यादी ‘जर्नलएक्सक्लूडलिस्ट’ या भागात असते आणि ती ‘डीएसएम.ऑप्ट’मधील यादीपेक्षा स्वतंत्र आहे. एखादा नमुना फक्त येथे घातला तर त्या फाइली जर्नलच्या रात्री घेतल्या जाणार नाहीत, पण पूर्ण इन्क्रिमेंटलच्या रात्री घेतल्या जातील, आणि अहवालातील आकडे पाहून डोके चक्रावेल. म्हणून या यादीत येणारी प्रत्येक ओळ आधी ‘डीएसएम.ऑप्ट’मध्ये असलीच पाहिजे, असा आमचा नियम आहे.

एका सेटिंगवर जरा थांबू

‘प्रिझर्व्हडीबीऑनएक्झिट’ या सेटिंगचे मूळ मूल्य शून्य आहे. म्हणजे सेवा थांबली किंवा सर्व्हर पुन्हा सुरू झाला की जर्नल टाकून दिले जाते आणि पुढचा बॅकअप पूर्ण तपासणीने होतो. मूल्य एक केले तर जर्नल जपून ठेवले जाते आणि सेवा पुन्हा सुरू झाल्यावर ते वैधच मानले जाते. क्लस्टरमध्ये (एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या सर्व्हरांच्या गटात) ड्राइव्ह एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा हे उपयोगी पडते, आणि सर्व्हर नियमाने पुन्हा सुरू होतो त्या काळात फाइलींवर दुसरे कोणी लिहीत नाही तेव्हाही चालते. परंतु सेवा बंद आणि फाइली मात्र उघड्या, अशी वेळ आली तर त्या वेळेतला बदल वहीत नसतो, आणि तरीही वही स्वतःला पूर्ण म्हणवते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका पावसाळ्यात महिन्याभरात चार वेळा वीज गेली, यूपीएसने सर्व्हर नीट बंद केला, आणि दर वेळी दुसऱ्या रात्री साडेपाच तासांची तपासणी झाली. वैतागून मी ते मूल्य एक केले. काही आठवड्यांनी विषाणू-प्रतिबंधक प्रोग्रामच्या सुधारणेसाठी कंत्राटी तंत्रज्ञाने दुपारी काही सेवा थांबवल्या, त्यांत जर्नल सेवाही होती. पाऊण तासाने त्या पुन्हा चालू झाल्या. त्या पाऊण तासात एका पुलाच्या नकाशाची अंतिम प्रत जतन झाली होती आणि नंतर कोणी तिला हात लावला नव्हता. बॅकअपचे अहवाल रोज यशस्वी. महिन्याने ती फाइल चुकून पुसली गेली आणि परत आणायला गेलो तेव्हा बॅकअपमध्ये तिची आधीची प्रत होती, शेवटची नव्हती. नकाशा एका सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये सापडला म्हणून निभावले.

त्यानंतर मूल्य पुन्हा शून्य केले. वही फाटली आहे हे स्वतःहून सांगणारे जर्नल साडेपाच तास खाते, पण त्यातून फाइल निसटत नाही. तुमचा सर्व्हर क्लस्टरमध्ये नसेल तर मूळ मूल्य बदलू नका, एवढेच मी ठामपणे सांगेन.

पहिले पंधरा दिवस

सेवा सुरू केल्यावर ‘डीएसएमसी इन्क्रिमेंटल’ ही नेहमीचीच आज्ञा चालते. जर्नल वैध असेल तर क्लायंट आपोआप त्याचा वापर करतो. पहिली रात्र पूर्ण तपासणीची असेल. दुसऱ्या रात्रीच्या लॉगमध्ये ड्राइव्हच्या नावासोबत ‘यूझिंग जर्नल फॉर’ ही ओळ आली पाहिजे. ती ओळ रोज शोधणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवावी, आणि ओळ नसेल तर सकाळी ईमेल यावा अशी व्यवस्था करावी. बॅकअप यशस्वी झाला एवढ्यावरून जर्नल वापरले गेले की नाही हे कळत नाही. ते अवैध असेल तर क्लायंट मुकाट्याने पूर्ण तपासणीकडे वळतो आणि वेळ लागला तरी यशस्वीच म्हणतो.

ओळ नसेल त्या दिवशी सेवेचा चुकांचा लॉग उघडावा. कारणे बहुधा तीन-चारच असतात: सेवा मध्येच थांबली, बफर ओसंडला, डेटाबेसला जागा पुरली नाही, किंवा आदल्या रात्रीचा पूर्ण इन्क्रिमेंटल शेवटपर्यंत गेला नाही. बफर ओसंडल्याची वेळ पाहून त्या वेळी सर्व्हरवर कोण काय करत होते हे विचारावे. आमच्याकडे मार्चअखेर संपलेल्या प्रकल्पांची फोल्डरे ‘जुने काम’ या फोल्डरात हलवण्याची पद्धत आहे. लाखभर फाइली असलेले फोल्डर एका ओढीत हलवले, की बॅकअपच्या दृष्टीने जुन्या पथावरच्या सगळ्या फाइली गेल्या आणि नव्या पथावर तेवढ्याच नव्या आल्या. फोल्डरांचे मोठे झाड हलवणे, नाव बदलणे किंवा पुसणे, यांपैकी कोणतीही गोष्ट जर्नलचा फायदा त्या दिवसापुरता तरी संपवते. संपूर्ण झाडाच्या परवानग्या एका आज्ञेने बदलणेही तसेच. त्यात भर म्हणजे परवानग्या बदललेली फाइल विंडोजवर पुन्हा संपूर्ण पाठवली जाते. अशी कामे आता आम्ही शनिवारी दुपारी करतो आणि त्या रात्री मुद्दाम पूर्ण तपासणी ठेवतो.

ताळा

रोजकीर्द कितीही काळजीपूर्वक लिहिली, तरी ठरावीक काळाने गल्ल्यातील रोकड मोजावी लागते. जर्नलचेही तसेच आहे. ‘-नोजर्नल’ हा पर्याय जोडून दिलेली इन्क्रिमेंटल आज्ञा जर्नल बाजूला ठेवून सगळ्या फाइली प्रत्यक्ष तपासते. बॅकअप सर्व्हरवर त्यासाठी वेगळे वेळापत्रक करून त्याच्या पर्यायांत हा शब्द घालावा. आमचे आता दर शनिवारी रात्री चालते.

ही तपासणी केवळ निसटलेल्या फाइलींसाठी नाही. जर्नलच्या बॅकअपमध्ये जपणुकीच्या धोरणातील बदल न बदललेल्या फाइलींपर्यंत पोहोचत नाहीत, नव्याने वगळलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती कालबाह्य ठरत नाहीत, आणि धोरणात ‘इतक्या दिवसांनीच प्रत घ्यावी’ असे अंतर दिले असेल तर तेही पाळले जात नाही. ही सगळी थकलेली कामे शनिवारी होतात.

शनिवारच्या अहवालातील ‘घेतलेल्या फाइली’ हा आकडा नीट पाहावा. शुक्रवारच्या जर्नल बॅकअपनंतर झालेल्या बदलांपेक्षा तो लक्षणीय मोठा असेल, तर जास्तीच्या फाइलींची यादी काढून त्यांच्या बदलाच्या तारखा पाहाव्यात. सगळ्या एकाच दिवसाच्या, एकाच तासाच्या आसपास असतील तर त्या वेळी सेवा बंद होती. एकाच फोल्डरात असतील तर वगळण्याच्या यादीतील एखादा नमुना जरुरीपेक्षा व्यापक लिहिला गेला आहे.

यूएसएन जर्नल वापरणाऱ्यांसाठी

तुमचा बॅकअप प्रोग्राम एनटीएफएसच्या जर्नलवर चालत असेल, तर सेवा बंद पडण्याची चिंता कमी होते, पण वहीची पाने संपण्याची चिंता सुरू होते. या जर्नलला कमाल आकार असतो आणि तो ओलांडला की सर्वांत जुन्या नोंदी गळतात. बॅकअप प्रोग्राम गेल्या वेळी ज्या क्रमांकापर्यंत वाचून गेला तो क्रमांकच आता शिल्लक नसेल, तर त्याला पूर्ण तपासणी करावी लागते.

आकार किती हवा हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. ‘एफएसयूटिल यूएसएन क्वेरीजर्नल डी:’ ही आज्ञा जर्नलची ओळख, पहिला आणि पुढचा यूएसएन, कमाल आकार आणि वाढीचा टप्पा दाखवते. यूएसएन हा जर्नलमधील बाइटांचे स्थान असतो, म्हणून सोमवारी सकाळी दहाचा आणि मंगळवारी सकाळी दहाचा ‘पुढचा यूएसएन’ लिहून घेतला, की दोहोंची वजाबाकी म्हणजे एका दिवसात लिहिल्या गेलेल्या नोंदींचा आकार. आकडे षोडशमान पद्धतीत दिसतात. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामरचा पर्याय निवडून वजाबाकी करता येते. समजा, उत्तर १८० मेगाबाइट आले. अनेक यंत्रांवर कमाल आकार मुळात ३२ मेगाबाइट असतो; तो या वेगाने सव्वाचार तासांत भरतो, म्हणजे रोजच्या बॅकअपलाही पुरत नाही. हिशेब एका दिवसाचा न करता, बॅकअप बिघडूनही कोणी बघणार नाही अशा सर्वांत मोठ्या सुट्टीचा करावा. गौरी-गणपतीत चार दिवस कार्यालय ओस असते. तेव्हा १८० गुणिले चार, म्हणजे ७२० मेगाबाइट. सुट्टीत नोंदी कमी होतील हे खरे, पण ती सूट धरू नये. सरळ एक गिगाबाइट द्यावा.

त्यासाठी ‘एफएसयूटिल यूएसएन क्रिएटजर्नल’ या आज्ञेत कमाल आकार १०७३७४१८२४ आणि वाढीचा टप्पा १३४२१७७२८ असे बाइटांत द्यावेत. आज्ञेचे नाव ‘क्रिएट’ असले तरी जर्नल आधीपासून असेल तर ती फक्त आकार बदलते, नोंदी पुसत नाही. ‘डिलीटजर्नल’ला मात्र हात लावू नये. जर्नल पुसून नवे केले की त्याची ओळख बदलते, बॅकअप प्रोग्रामला पुन्हा पूर्ण तपासणी करावी लागते, आणि त्याच जर्नलवर विसंबणाऱ्या डीएफएस रेप्लिकेशनसारख्या (सर्व्हरांमधील फोल्डरे एकसारखी ठेवणारी सेवा) विंडोजच्या इतर सेवाही अडचणीत येतात.

खाडीपलीकडची प्रत

जर्नलमुळे रोज पाठवायचा डेटा कमी होत नाही. तो इन्क्रिमेंटलमुळे आधीच कमी असतो. कमी होतो तो शोधण्याचा वेळ, आणि त्यामुळे रात्रीचे उरलेले तास दुसरी प्रत पुढे पाठवायला मिळतात. आमची दुसरी प्रत नवी मुंबईतील महापे येथे आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट जातात. रोजचे ४० गिगाबाइट तासाभरात पोहोचतात. मात्र पहिली १२ टेराबाइटची प्रत याच जोडणीने पाठवायची म्हटली तर अखंड अकरा दिवस लागले असते. म्हणून ती एलटीओ-८ टेपवर (बॅकअपसाठीच्या चुंबकीय फितीवर) घेतली आणि कळवा, विटावा, दिघा, ऐरोली करत गाडीने नेली. एलटीओ-८ची कॉम्प्रेशनविना क्षमता १२ टेराबाइट असली तरी दोन टेप वापरल्या. काठोकाठ भरण्यात शहाणपण नव्हते. हे काम जानेवारीत केले. जुलैत विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचते तेव्हा टेप मांडीवर घेऊन गाडीत अडकून बसण्याची हौस कोणालाच नव्हती.

परत आणून पाहणे

महिन्यातून एकदा २० फाइली निवडून त्या मूळ जागी न आणता वेगळ्या ड्राइव्हवर परत आणाव्यात. निवड सरधोपट नको. काही फाइली गेल्या महिन्यात जर्नल अवैध झाले त्या दिवशी बदललेल्या घ्याव्यात, काही नाव बदललेल्या फोल्डरातील, काही पुसल्या गेलेल्या, काही फार लांब पथाच्या आणि एक-दोन देवनागरी नावांच्या. मूळ फाइल अजून जागेवर असेल तर दोन्हींवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’ ही आज्ञा एसएचए२५६ या पर्यायासह चालवून निकाल (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळतो का ते पाहावे. फाइल उघडते आहे यावर समाधान मानू नये, कारण जुनी प्रतही उघडतेच. परवानग्याही तपासाव्यात.

याशिवाय सर्व्हरच्या खोलीत दोरीला बांधलेली एक कागदी वही आम्ही ठेवली आहे. जर्नल सेवा ज्या कोणामुळे, ज्या कारणाने थांबेल, त्याने थांबण्याची वेळ, सुरू होण्याची वेळ आणि स्वतःचे नाव तीत लिहायचे. दर सोमवारी मी ती वही, सेवेचा लॉग आणि शनिवारच्या ताळ्याचा अहवाल शेजारी ठेवून वाचतो. लॉगमध्ये असलेली आणि वहीत नसलेली वेळ सापडली, की त्या वेळेतल्या दोन फाइली महिन्याच्या २० मध्ये जातात.